भिडूचा बोल भिडूला कळावा!

पत्त्यांचे नाव काढले की आपल्या वस्तीतील आयाबहिणींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या पडल्याच पाहिजेत. तीनपत्तीवर गेलेली मजुरी लेकरांच्या ताटातून गेलेली असते. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात संपत्तिनाशाच्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहेच.

परंतु पैसा न लावता, केवळ बुद्धीवर खेळला जाणारा पत्त्यांचा एक डाव आहे, तो म्हणजे ब्रिज. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. संमिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या.

मेंढीकोट येणाऱ्याला ब्रिज परका नाही. समोरासमोर भिडू, प्रत्येकाला १३ पाने. मात्र हुकूम कोणता व हात किती करणार, हे आधी बोलीने ठरते. १२ हात बोलून केले तर छोटा स्लॅम, १३ केले तर मोठा. गुण भरपूर, पण भिडूंचे बिनसते तेही इथेच. कारण खाणाखुणा करायच्या नाहीत. बोलीच्या ठरावीक शब्दांतूनच आपली पाने भिडूला कळवायची.

१९३३ साली अमेरिकेच्या ईझली ब्लॅकवुड यांनी एक युक्ती काढली. 'चार बिनहुकमी' म्हणजे 'तुझ्याकडे एक्के किती?' उत्तर 'पाच किलवर' आले तर एकही नाही किंवा चारही. 'पाच चौकट' म्हणजे एक, 'पाच बदाम' म्हणजे दोन, 'पाच इस्पिक' म्हणजे तीन. पुढे सुधारित रीत आली. तीत हुकमाचा राजाही एक्क्यासारखा मोजतात, आणि तिच्या एका प्रकारात 'पाच चौकट' म्हणजे 'एकही नाही किंवा तीन'. आता एकाने जुन्या रीतीने विचारले, दुसऱ्याने नव्या रीतीने उत्तर दिले, तर काय होईल? हा सांगतो 'काही नाही', त्याला कळते 'एक एक्का आहे'. बोली सहावर जाते, विरुद्ध बाजू दोन एक्के वाजवते आणि स्लॅम बुडतो.

दुसरा घोळ असा. भिडूने 'एक बिनहुकमी' म्हटल्यावर आपण थेट 'चार बिनहुकमी' म्हटले, तर बहुतेक जोड्यांत तो एक्क्यांचा प्रश्न नसतो. 'पाने जोरकस असतील तर सहा बोल, नाहीतर थांब,' एवढाच त्याचा अर्थ. भिडू एक्के मोजू लागला की घोटाळा झालाच.

दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक. मग चुकले कुठे? आधी ठरवले नाही, तिथे! म्हणून जाणते भिडू खेळाआधी बसून प्रत्येक बोलीचा अर्थ वहीत लिहून ठेवतात. शंका आली तर सोपी बोली बोलतात. डाव बुडाला तरी चारचौघांत भिडूला बोल लावत नाहीत. नंतर शांतपणे वही उघडतात. आणि विरुद्ध बाजूने विचारले तर ठरलेला अर्थ उघड सांगावा लागतो. चोरटी खूण ही लबाडी ठरते. सम्यक वाचा याहून वेगळी ती काय?

संसारातही हेच घडते. लेकीच्या फीचे विचारले की धनी म्हणतात, "बघू." त्यांच्या मनात 'या महिन्यात नाही' असते, कारभारणीला 'होय' ऐकू येते. फीची तारीख निघून जाते आणि भांडण होते. नुकसान मात्र लेकीचे!

पोखर्णीसारख्या गावातील तरुणांनी पारावरचा पैशाचा डाव मोडावा आणि बुद्धीचा मांडावा. मुलींनाही भिडू करून घ्यावे. पण पहिले पान वाटण्याआधी दोघांनी वही उघडावी. घरातही तशी एक वही असू द्यावी. जयभीम!