विलगीकरण आणि विश्वास

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा सारा देश दचकला. हा रोग इतिहासजमा झाला, अशीच सर्वांची समजूत होती. काही आठवड्यांतच सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगचे वृत्त आले आणि लाखो माणसे ते शहर सोडून निघाली. सरकारी दवाखान्यापेक्षा त्यांना पळून जाणे अधिक सुरक्षित का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईकडे वळावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. लवकरच रोग्यांना सक्तीने आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयात हलविण्यास आरंभ झाला. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली आणि २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. हा निव्वळ अडाणीपणा म्हणून हातावेगळा करणे सोपे आहे. परंतु आप्तांपासून तोडून नेलेल्या रोग्याची वार्ता घरी कोण पोहोचविणार होते? पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली, तेव्हा हा विरोध पुष्कळसा निवळला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या. त्याचा शेवट रँडच्या हत्येत झाला, हे सर्वश्रुत आहे. शास्त्रदृष्ट्याही त्या सक्तीचा पाया कच्चाच होता. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले. गाठीच्या प्लेगात माणसे कोंडली गेली आणि उंदीर मात्र मोकळे राहिले!

याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांना पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणले, त्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याला वेगळे त्यांनीही ठेवले. पण त्याला टाकून दिले नाही.

विलगीकरण अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. फुप्फुसाचा प्लेग श्वासावाटे पसरतो. तेथे ते अपरिहार्यच होय. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा पुढे आला, आणि आर्थर रोडचे ते जुने रुग्णालय कस्तुरबा या नावाने रुग्णांना सामावून घेत होते. त्या वेळी हातावर शिक्के उमटले आणि शिक्का असलेल्या शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलली.

रोग्याला वेगळे ठेवण्याचा अधिकार समाजाला आहे. मात्र त्याच्या अन्नाची, औषधाची आणि घरी वार्ता पोहोचविण्याची हमी दिल्यावाचून तो अधिकार बजावू गेल्यास माणसे रोग लपवितात. आणि लपलेला रोगच सर्वाधिक घातक ठरतो.