पक्ष्यांची पुस्तके आणि खरी नोंद



पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, म्हणजे आपल्या गच्चीवर किंवा अंगणात एक करडा-पांढरा, सडपातळ पक्षी शेपटी सारखी खालीवर हालवीत तुरुतुरु धावताना दिसू लागतो. घरातील लहान मूल विचारते, "हा कोण?" आणि आपण वडीलधारी माणसे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर देतो, "असेल एखादी चिमणी!" वास्तविक ती चिमणी नव्हे. तो धोबी, उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आपल्याकडे आलेला पाहुणा. मुलाचा प्रश्न खरा होता. उत्तर मात्र आपण चुकविले. अशा प्रश्नांची उत्तरे ज्या ग्रंथांत सापडतात, त्या पक्षिविषयक पुस्तकांसंबंधी आज आपणांशी थोडे बोलावयाचे आहे.

असाच प्रश्न घेऊन एक मुलगा पूर्वी मुंबईत एका दारी गेला होता. १८९६ साली जन्मलेल्या या मुलाने बालवयात हवेच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! त्याच्या मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी त्या बिचकलेल्या पोराला हाकलून दिले नाही. ती पिवळ्या गळ्याची चिमणी आहे असे सांगून त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्याच्यापुढे एकामागून एक उघडले आणि वाचावयास पुस्तकेही दिली. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. मोठ्या माणसाने प्रश्न चुकविला नाही, एवढीच या गोष्टीतील मौज.

मिलर्ड यांनी दिलेल्या पुस्तकांत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे मुंबईतील सामान्य पक्ष्यांवरील पुस्तक होते. 'ईहा' या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ १८५१ साली आपल्या साताऱ्यासच जन्मले आणि मीठ व जकात खात्यात नोकरीस होते. त्यांचे हे पुस्तक १९०० साली निघाले. कावळा, घार, चिमणी, साळुंकी हे रोजच्या पाहण्यातले पक्षी; पण शेजाऱ्याचा स्वभाव सांगावा तशा रीतीने ईहा यांनी त्यांचे स्वभाव सांगितले आहेत. या आधीचे थोर ग्रंथ निराळ्या जातीचे. मद्रास इलाख्यात शस्त्रवैद्य असलेल्या जर्डन यांचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात पंखांची लांबी, चोचीचा आकार, पिसांचे रंग ही सर्व माहिती काटेकोरपणे येते. अशी वर्णने बहुधा मेलेला पक्षी हातात घेऊन केलेली असत. कारण त्या काळी बंदूक हेच पक्षिशास्त्रज्ञाचे मुख्य साधन होते. अशा ग्रंथाने पक्ष्याचे नाव निश्चित होते. ईहांच्या पुस्तकाने त्याची ओळख होते. वाचकास दोहोंची गरज आहे.

परंतु दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचा पाया एकच असतो. अमुक पक्षी, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक माणसाने पाहिला. ही चार शब्दांची नोंद म्हणजे त्या इमारतीची वीट होय. वीट हरवली तर भिंत उभी राहत नाही, आणि वीट खोटी असेल तर उभी राहिलेली भिंतही फसवी ठरते. या दोन्ही गोष्टी आपल्या देशात घडलेल्या आहेत.

राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण हेच ह्यूमसाहेब हिंदी पक्षिशास्त्राचेही एक आधारस्तंभ होते, हे फार थोड्यांस माहीत असते. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी देशभर पक्षिनिरीक्षकांचे जाळे विणले, १८७२ पासून केवळ पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक चालविले आणि साऱ्या हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिण्यासाठी सुमारे पंचवीस वर्षे टिपणे जमविली. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असता एका नोकराने ते कागद चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले! पंचवीस वर्षांच्या श्रमांच्या पुड्या बांधल्या गेल्या असतील. ह्यूमसाहेबांचे मन या विद्येतून उठले. पुढल्याच वर्षी त्यांनी कातडी, अंडी व घरटी मिळून सुमारे ८२,००० नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. तो महाग्रंथ कधीच लिहिला गेला नाही. हरवलेल्या विटांची ही गोष्ट.

आता खोट्या विटेची गोष्ट ऐकावी. तिचा संबंध आपल्या खानदेशाशी आहे. ह्यूम यांनीच १८७३ साली एका नव्या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखाच हा पक्षी. मात्र डोके मोठे, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, आणि पंख व शेपटीवर ठळक पट्टे. मराठीत याला रानपिंगळा म्हणतात. १८७२ ते १८८४ या काळात त्याचे अवघे सात नमुने मिळाले. त्यांतील शेवटचे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी मिळविले. त्यानंतर रानपिंगळा कोणास दिसला नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने, १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे आपणांस हा पक्षी मिळाल्याचे सांगितले होते. त्याच्या संग्रहात नमुना होता, नमुन्याला चिठ्ठी होती, चिठ्ठीवर स्थळ व तारीख होती. कर्नलच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? ती नोंद ग्रंथांत शिरली आणि शोध करणारे त्या दिशेने पाहू लागले. पक्षी सापडेना. तो नामशेष झाला, असे पुष्कळांस वाटू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवर एक नवा ग्रंथ तयार करीत होत्या. जुन्या ग्रंथांतील विधाने उतरून न घेता त्यांनी संग्रहालयांतील मूळ नमुनेच तपासावयास घेतले. कातडे भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते; सुताराचे काम रंध्याच्या खुणेवरून ओळखावे तशी ती ओळखता येते. कर्नलच्या त्या घुबडावर वरून नवी भरणी होती, पण आत हात दिसत होता डेव्हिडसन यांचा! कर्नलने डेव्हिडसन यांचाच जुना नमुना म्युझियममधून लांबवून, पुन्हा भरून, त्याला आपली खोटी चिठ्ठी बांधली होती. हे उघड होताच मांडवीची नोंद बाद झाली आणि उरली ती एकोणिसाव्या शतकातील खरी स्थळे. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हिंदुस्थानात आले. पूर्वेकडील जुन्या जागी त्यांना काही सापडले नाही. मग डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीवरील वाट धरून ते शहाद्यास आले. आणि तेथील डोंगरपायथ्याच्या जंगलात, भर दिवसा, उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनंतर! पुढे तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईकरांना पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या जंगलातही आढळला.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. पक्षी कोठे गेला नव्हता. आपली पुस्तके चुकली होती. एका माणसाच्या प्रतिष्ठेच्या मोहाने लिहिलेली एक ओळ अनेकांना भलत्या वाटेने घेऊन गेली. आणि दुसऱ्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेल्या ओळीने योग्य वाट दाखविली. ज्या पक्ष्याचा ठावठिकाणाच चुकीचा लिहिला आहे, त्याचे रान तोडू नका असे तरी कोणी व कोणत्या आधारावर म्हणावे? रासमुसेन यांचा दोन खंडांचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. अशा संशयित नोंदी त्यांनी त्यातून कटाक्षाने वगळल्या आहेत.

खरी नोंद करावयास मोठा संग्रह किंवा मोठा अधिकार लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३० साली सालिम अली यांस नोकरी नव्हती, आणि ते अलिबागेजवळ किहीम येथे राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीच्या टोकाला कापडाचा आडोसा करून ते तासन्‌तास आत बसत आणि दिसेल ते टिपून ठेवीत. सुगरणीचा नर व मादी मिळून संसार थाटतात, अशी समजूत होती. टिपणांतून निघाले ते निराळेच. घरटे विणतो तो नर; आणि तो ते अर्धेच विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून घर पारखून पाहतात. एखादीस पसंत पडले, तरच तो ते पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो! हा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्याने त्यांचे नाव झाले. साधन एकच होते. बंदुकीच्या जागी डोळा.

याच डोळस वृत्तीतून १९४१ साली त्यांचे हिंदी पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. त्याची युक्ती साधी आहे. पक्षी किती इंच लांब हे सांगण्याआधी तो चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की घारीएवढा, हे ते सांगते. झाडावरच्या पक्ष्यास पट्टी कोण लावणार? पण साळुंकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असते. मग रंग, मग राहण्याची जागा, आवाज, अन्न, वीण. बंदुकीवाचून, हाती न घेता, पक्षी ओळखण्याची ही रीत आहे. त्यानंतर डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. मराठी वाचकांसाठी मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध केला. पक्ष्यांची आपल्या गावोगावची नावे त्यांनी जमविली नसती, तर त्यांतील कित्येक बोलणाऱ्यांबरोबरच मावळली असती.

शेवटी एक सूचना करून थांबतो. घरात पक्ष्यांचे एखादे चांगले पुस्तक अवश्य ठेवावे. पण त्याच्या शेजारी एक कोरी वहीही ठेवावी. मुलाने "हा कोण?" असे विचारले, की दोघांनी मिळून पुस्तक उघडावे, आकार ताडून पाहावा, आणि ओळख पटली तर वहीत तारीख, जागा व पक्ष्याचे नाव लिहावे. ओळख पटली नाही, तर दिसले तेवढेच लिहून पुढे 'नक्की नाही' असे लिहावे. हे दोन शब्द लिहिण्याचे धैर्य त्या नामांकित कर्नलपाशी नव्हते. आपल्या मुलांपाशी ते असावे. अंगणात धोबी पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला, ही ओळ आज क्षुल्लक भासेल. पण डेव्हिडसन यांस तरी आपल्या चिठ्ठीचे मोल कोठे ठाऊक होते? यंदा धोबी आला, म्हणजे वहीचे पहिले पान त्यालाच द्यावे.