आतली दारं

दुर्बिणीच्या काळ्या नळीवर पांढरे आकडे छापलेले असतात आणि मोजायला सुरुवात होते ती समोरच्या दातांपासून. पंधरा-सोळा सेंटीमीटरवर घसा संपून अन्ननलिका लागते, 40 च्या आसपास जठर. एंडोस्कोपीच्या खोलीत डॉक्टर हे आकडे मोठ्याने म्हणतात आणि कागद घेऊन उभ्या असलेल्या सिस्टर ते टिपून घेतात. "एकोणचाळीसला जंक्शन." ऐकणाऱ्याला वाटावं, एसटीचा कंडक्टर टप्पे मोजतोय.

जिल्ह्याच्या गावातल्या एका पोटविकारतज्ज्ञांच्या परवानगीने मी पडद्याशेजारी स्टूल टाकून बसलो होतो. रुग्णांनाही आधी विचारलेलं होतं. एक आजी तर म्हणाल्या, "बघ की, आन् मलाबी सांग काय हाय ते." बाहेरच्या बाकावर सकाळपासून उपाशी आलेली माणसं, त्यांची पोटं गुरगुरताहेत. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी वरून खाली एक जोरकस लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलत नेते, त्याचाच हा आवाज. एकादशी म्हणून सकाळी भगर खाऊन आलेल्या एका मावशींना मात्र परत पाठवलं. "उपासाचंच खाल्लंय हो," त्या कळवळून सांगत होत्या. पण जठराला एकादशी कळत नाही. भगर आत असली तर दुर्बिणीला काही दिसत नाही आणि ती उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते.

शाळेच्या पुस्तकातली पचनसंस्था म्हणजे बाण मारलेलं एक थंड चित्र. तोंडापासून गुदद्वारापर्यंत साधारण 9 मीटरची नळी, कुठे कोणता रस पाझरतो ते पाठ करायचं आणि परीक्षेत ओकायचं. पडद्यावर पहिल्यांदा जाणवते ती हालचाल, आणि तिच्या पाठोपाठ बंद दारं. ही नळी सलग उघडी नाहीच. ठिकठिकाणी स्नायूंच्या झडपा आहेत, एरवी मिटलेल्या आणि आपापल्या वेळेला उघडणाऱ्या. रसांपेक्षा मला या झडपांचंच अप्रूप वाटलं. अर्धी पचनक्रिया म्हणजे काय कुठे किती वेळ थांबवायचं, याचा बंदोबस्त आहे.

त्या दिवशीचे एक काका शेतकरी, साठीच्या पुढचे. छातीत जळजळ, करपट ढेकरा, रात्री आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी. "काका, डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या. लाळ गिळायची नाही, वाहू द्यायची." घशात कडू औषधाचा फवारा मारून झालेला, जीभ जड. दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली, नाहीतर माणूस नळीच चावेल. करंगळीएवढी जाड नळी जिभेवरून मागे गेली आणि पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्यांच्या मागे अन्ननलिकेचं दार, पण तिथे भोक असं दिसतच नाही, नुसती मिटलेली घडी.

डॉक्टर थांबले. "आता गिळा, काका."

गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिका झाकली जाते आणि ती घडी जेमतेम सेकंदभर उघडते. तेवढ्यात नळी आत. गिळण्याची वाट न बघता रेटणाऱ्याच्या हाती ओकाऱ्या आणि खरवडलेला घसा यापलीकडे काही लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गिळणं सुरू करणं एवढंच आपल्या हाती आहे. घास एकदा त्या घडीपलीकडे गेला की थेट शेवटच्या दारापर्यंत आपल्याला कोणी विचारत नाही.

अन्ननलिका आतून फिकट गुलाबी आणि गुळगुळीत असते. वरून आकुंचनाची लाट येते, पडदा क्षणभर मिटतो, पुन्हा उघडतो. घास खाली पडत नाही, ढकलला जातो, म्हणून माणूस उलटा टांगला तरी गिळू शकतो. 39 वर रंग बदलला. फिकट गुलाबी संपून गडद तांबूस सुरू, मधली सीमा नागमोडी. वरचं अस्तर घासांची घासाघीस सोसायला बनलेलं, खालचं आम्ल सोसायला. काकांच्या त्या सीमेच्या वर दोन लाल रेघा होत्या, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान. आम्ल नको तिथे येऊन भाजलेलं.

जठरात शिरल्यावर हवा सोडतात. आतल्या जाड वळ्या हळूहळू सपाट होतात, तळाला थोडं पाणी साचलेलं दिसतं, ते ओढून घेतात. हे जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरतं, मांस विरघळवण्याइतका आम्लधर्मी, आणि स्वतः मात्र शाबूत राहतं. भिंतीवर चिकट श्लेष्मा असतो, त्यात आम्ल मारणारा क्षार मुरलेला असतो आणि वरच्या पेशी काही दिवसांतच नव्या येतात. या संरक्षणाची आज्ञा ज्या रसायनांकडून येते, नेमकी तीच वेदनाशामक गोळ्या बंद पाडतात. काकांचे गुडघे दुखतात. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली गोळी रोज रिकाम्या पोटी, वर चहा. जठराच्या खालच्या भागात लाल कड्यांचे पांढुरके ठिपके विखुरलेले होते. "हे बघा गुडघे," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले.

मग त्यांनी अंगठ्याने चाक फिरवलं आणि नळीचं टोक पार उलटं वळवलं. आता दुर्बीण आल्या वाटेकडे बघत होती. वरच्या दारातून स्वतःचीच काळी नळी आत उतरताना दिसत होती. निरोगी माणसात त्या दाराची घडी नळीला चहूबाजूंनी घट्ट धरून असते, श्वासाबरोबर किंचित हलते, पण सोडत नाही. काकांच्या नळीभोवती एका बाजूला फट होती. श्वास घेतला की ती रुंदावायची, पलीकडची गुलाबी अन्ननलिका दिसायची. वर्षानुवर्षांची जळजळ, सगळी त्या फटीतून. शंभर वेळा सांगितलेला सल्ला, जेवून लगेच आडवं होऊ नका, रात्रीचं जेवण लवकर घ्या, मला तरी त्या फटीकडे बघून पहिल्यांदा पटला.

पोटात डोकावण्याचा उद्योग जुना आहे. 1868 साली जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या कसरतपटूला सरळ धातूची नळी गिळायला लावली होती. वळणारी नळी यायला काचतंतू यावे लागले. पंजाबात मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंह कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवता येतं हे दाखवलं. 1957 मध्ये अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी तशी दुर्बीण तयार करून आधी स्वतःच गिळून पाहिली. आता टोकाला कॅमेऱ्याची चिप असते.

जठराच्या तळाचं दार सगळ्यांत हट्टी. मिनिटाला साधारण 3 लाटा त्याच्याकडे चालत येतात आणि लाट पोहोचली की ते उघडायच्या ऐवजी मिटतं. घन अन्न आपटून मागे फिरतं, पुन्हा घुसळलं जातं. एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालं तरच चमचा-चमचा पुढे. तेलकट जेवण तासन्‌तास का बसून राहतं ते इथे कळतं. आतड्यात स्निग्ध पदार्थ पोहोचला की तिथून निरोप येतो, थांबा, आधीचं उरकू दे. डॉक्टरही थांबले. लाट आली, गेली, दार सैलावलं, नळी अलगद पलीकडे.

पलीकडे पिवळंधमक पित्त. डॉक्टरांनी पाणी सोडलं आणि बुडालेल्या भिंतीवर इवलीशी बोटं उभी राहिलेली दिसली, धुतलेल्या टर्किश टॉवेलासारखी. अन्न खऱ्या अर्थाने अंगी लागतं ते या बोटांतून. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये नव्याने मोजमाप करून सांगितलं की पचनमार्गाचं आतलं क्षेत्र पूर्वी मानत तसं टेनिस कोर्टाएवढं नाही, अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढं आहे. पोटाच्या मानाने तेही थोडं नव्हे. सरळ बघणाऱ्या दुर्बिणीला नीट न दिसणारं आणखी एक दार इथेच बाजूच्या भिंतीत आहे. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिथून येतो.

परतताना डॉक्टरांनी चिमट्याने जठराचा तीळभर तुकडा घेतला. सिस्टरनी तो पिवळ्या जेलमध्ये खोचला. चहा येईपर्यंत जेल गुलाबी झालं होतं. म्हणजे हेलिकोबॅक्टर हा जिवाणू हजर. तो युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठरात तग धरतो. अल्सरमागे हा आहे हे कोणी मानेना, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये त्याचं द्रावण स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. काकांना मिळाला गोळ्यांचा कोर्स आणि गुडघ्याची गोळी बंद.

तपासणीला जेमतेम दहा मिनिटं, नळी धुवायला त्याहून जास्त वेळ. मागच्या मोरीवर एक दादा दिवसभर हेच काम करतात. हवा भरून नळी पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले तर कुठेतरी चीर आहे. मग आतल्या वाटांतून लांब ब्रश, जंतुनाशकात घड्याळ लावून बुडवणं, धुणं, उभी टांगून वाळवणं. डॉक्टरांचं नाव बाहेर पाटीवर असतं, पण पुढच्या रुग्णाची सुरक्षितता या दादांच्या हातात.

दुपारी खालून तपासणी. आदल्या रात्रीपासून खारट औषधाचं पाणी लिटरच्या हिशेबात पिऊन आलेले निवृत्त मुख्याध्यापक. मोठं आतडं दीड मीटरचं, पण कसबी हात ते नळीवर चुणत नेतो आणि 80-90 सेंटीमीटरवरच टोकाला पोहोचतो. वाटेत एका वळणावर भिंतीतून यकृताची निळसर सावली दिसली. शेवटी दोन ओठांसारखी झडप. लहान आतड्यातून रोज येणारं लिटर-दीड लिटर पातळ तिथून मोठ्या आतड्यात उतरतं आणि त्यातलं बहुतेक पाणी ते परत घेतं. खरी पाहणी परतीच्या वाटेवर, निदान 6 मिनिटं, प्रत्येक घडीच्या मागे डोकावत. सरांचं आतडं स्वच्छ निघालं.

आत भरलेली हवा मात्र बाहेर यायला हवी होती. तासाभराने सर पोट गच्च धरून खाटेवर बसलेले. शेवटच्या दाराचं आतलं कडं आपोआप सैल होतं, बाहेरचं मात्र माणसाच्या ताब्यात, आणि सरांनी आयुष्यभर शिस्त पाळलेली.

"सर, वारा सरला का?" सिस्टरनी दारातून विचारलं.

सर भिंतीकडे बघत राहिले.

"इथे लाजायचं नाही. त्याशिवाय घरी सोडणार नाही मी," सिस्टर म्हणाल्या आणि पडदा ओढून बाहेर आल्या.

दोन मिनिटांनी आतून मोकळा आवाज झाला. बाकावरच्या आजी म्हणाल्या, "झालं. सोडा आता मास्तरांना."