पेप्टाइडवेष्टित औषधवाहक कण

कर्करोगावरील औषध अर्बुदापर्यंत (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणाऱ्या गाठीपर्यंत) नेण्यासाठी बनविलेल्या व पृष्ठभागावर पेप्टाइडे जोडलेल्या अतिसूक्ष्म कणांना ही संज्ञा देतात. त्यांचा व्यास सामान्यतः १० ते २०० नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग); मानवी तांबड्या कोशिकेचा व्यास सु. ७,००० नॅनोमीटर असतो. पेप्टाइड म्हणजे ॲमिनो अम्लांची आखूड साखळी होय.

गरज : रासायनी चिकित्सेतील बहुतेक जुनी औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या सर्वच कोशिकांवर आघात करतात. त्यामुळे अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांनाही इजा पोहोचते. डॉक्सोरुबिसीन या औषधाने हृदयाचे स्नायूही दुर्बल होतात. परिणामी औषधाची मात्रा पुष्कळदा रोगाच्या तीव्रतेपेक्षा रोग्याच्या सहनशक्तीवरून ठरवावी लागते. औषध निरोगी ऊतकांपासून दूर ठेवणे हा वाहक कणांचा पहिला हेतू आहे.

रचना व कार्य : कणाचा गाभा लिपिडे (स्निग्ध पदार्थ), बहुवारिके किंवा प्रथिने यांचा असून त्यात औषध साठविलेले असते. गाभ्यावर बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलाचे आवरण देतात. त्यामुळे शरीरातील भक्षिकोशिका कणाला लवकर गिळंकृत करीत नाहीत व तो रक्तात अधिक काळ टिकतो. या आवरणाच्या बाह्य टोकांशी पेप्टाइडे जोडतात. अर्बुदातील कोशिकांवर किंवा तेथील नव्या रक्तवाहिन्यांवर काही ग्राही (विशिष्ट रेणू धरून ठेवणारी प्रथिने) विपुल असतात. त्यांना पेप्टाइड चिकटले, की कोशिका कण आत ओढून घेते व औषध आतच मुक्त होते. प्रतिपिंडांच्या मानाने पेप्टाइडे लहान असून प्रयोगशाळेत संश्लेषणाने बनविता येतात.

विकास : आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या तीन ॲमिनो अम्लांचा क्रम कोशिकांना चिकटतो, हे पियर्शबाखर व रुओस्लाटी यांनी १९८४ मध्ये दाखविले. अर्बुदातील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपून तेथेच साचतात, असे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये प्रतिपादन केले. डॉक्सोरुबिसीन भरलेल्या लिपोसोमांना (लिपिडांच्या सूक्ष्म पिशव्यांना) अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्यामुळे हृदयाला होणारी इजा कमी झाली. मात्र तळहात व तळपाय यांच्या त्वचेचा दाह हा नवा उपद्रव आढळला. या लिपोसोमांवर पेप्टाइड नसते. डॉक्सोरुबिसीन थेट पेप्टाइडाला जोडल्यास उंदरांतील अर्बुदांवर ते अधिक प्रभावी व कमी विषारी ठरते, असे १९९८ मध्ये दिसून आले.

मर्यादा : पेप्टाइड हा पत्ता आहे, वाहन नव्हे. कण रक्तप्रवाहाबरोबरच फिरतो आणि ग्राहीच्या अगदी निकट आल्यावरच पेप्टाइडाचा उपयोग होतो. तत्पूर्वी बहुतेक कण यकृत व प्लीहा यांत अडकतात. रक्तातील प्रथिनांचा थर कणावर बसून पेप्टाइडे झाकली जाण्याचाही संभव असतो. दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचा जो आढावा टोराँटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये घेतला, त्यात दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचलेल्या कणांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७% आढळले, पत्ता असलेल्या कणांसाठी ते ०.९% व नसलेल्यांसाठी ०.६% होते. ऊतकात खोलवर शिरण्यास मदत करणारे एक चक्रीय पेप्टाइड २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते औषधाला न जोडता बरोबर दिले तरी उपयोगी पडते, असे पुढे प्राण्यांत दिसून आले.

महाराष्ट्रातील कार्य : अमेरिकेत लिपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसीनाचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईतील सन फार्मा कंपनीच्या अशाच औषधाच्या आयातीस २०१२ मध्ये तेथे तात्पुरती परवानगी देण्यात आली आणि २०१३ मध्ये कंपनीच्या समतुल्य औषधास मान्यता मिळाली.

पेप्टाइडाच्या पत्त्याचा प्रत्यक्ष उपचारातील उपयोग तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कार्यात दिसतो. तेथील ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम–१७७ (अर्धायुकाल सु. ६.६ दिवस) हा किरणोत्सर्गी समस्थानिक तयार करतात. सोमॅटोस्टॅटिन या हॉर्मोनाशी साम्य असलेल्या पेप्टाइडाला तो जोडून तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुदांच्या रोग्यांना देतात. हा उपचार परळ येथील केंद्राच्या प्रारण वैद्यक विभागात केला जातो. येथे वाहक कण नसतो. पेप्टाइडाचा लहान रेणू ऊतकात सहज शिरतो व न चिकटलेला भाग मूत्रावाटे लवकर बाहेर पडतो. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी सोबत ॲमिनो अम्लांचा विद्राव शिरेवाटे देतात.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, वाहक कणाने औषधाची विषाक्तता कमी होते व पेप्टाइडाने लक्ष्य ओळखले जाते. परंतु दोन्ही एकत्र आणले म्हणजे दोन्ही लाभ आपोआप मिळतात, असे नाही. पेप्टाइडवेष्टित कणांतून दिली जाणारी रासायनी चिकित्सा अद्याप नित्याच्या उपचारात आलेली नाही. कणाचा आकार, त्याचे रक्तातील वास्तव्य व अर्बुदाच्या रक्तवाहिन्यांची स्थिती यांवर तिचे यश अवलंबून राहील.