रात्रीच्या मुक्कामाची निवड
(प्रवासविचार : लेखांक सातवा)

लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी वाहनाची तपासणी कशी करावी, याचे विवेचन गेल्या लेखांकात केले. परंतु वाहन सर्वथा निर्दोष असले तरी ते हाकणारा मनुष्य हाडामांसाचाच असतो, आणि त्याच्या निद्रेची तजवीज कोठे व कोणत्या प्रहरी करावयाची, हा प्रश्न तेलपाण्याच्या प्रश्नाहूनही निकडीचा असल्यामुळे या आठवड्यात रात्रीच्या मुक्कामाचा विषय घेतला आहे. विवेचनासाठी पुणे-बंगळूर महामार्ग डोळ्यांसमोर ठेवू. कारण नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने बंगळुरास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची दिवाळीत आणि मे महिन्यात या वाटेवर सतत ये-जा असते, आणि सुमारे 840 किलोमीटरचे हे अंतर एका दमात तोडावे की मध्ये रात्र काढावी, याचा खल बहुतेक घरांत दरवर्षी नव्याने होतो.

नकाशा उघडून अंतराचे दोन समान भाग केले की हुबळीवर बोट येते, आणि अनेकजण तेवढ्यावरच निर्णय करून मोकळे होतात. माझ्या मते ही पद्धतच सदोष आहे. मुक्कामाचे गाव अंतराने न ठरवता घड्याळाने ठरवावे, म्हणजे निघण्याची वेळ निश्चित करून, रात्री आठच्या आत आपण जेथे सुखरूप पोहोचू शकू ते गाव निवडावे. पहाटे निघणाऱ्यास हुबळी सोडून दावणगेरे किंवा चित्रदुर्गही गाठता येते, आणि तेथून दुसऱ्या दिवशीचा प्रवास अगदी थोडा उरतो. मात्र घरचे जेवण उरकून दुपारी निघणाऱ्याने खंबाटकीचा घाट, साताऱ्याच्या व कऱ्हाडच्या आसपासची वर्दळ आणि वाटेत ठिकठिकाणी चाललेली रस्त्याची कामे हिशेबात धरून कोल्हापुरावर, फार तर बेळगावावर समाधान मानावे, हेच श्रेयस्कर. बेळगावच्या पुढे अंधारात जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. धारवाडजवळच्या नरेंद्रपासून हुबळीपलीकडील गब्बूरपर्यंतचा सुमारे 30 किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता, मागचापुढचा सगळा महामार्ग चौपदरी झाल्यानंतरही कित्येक वर्षे दुपदरीच राहिला, आणि समोरासमोरच्या धडकांनी तेथे अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. त्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. परंतु ज्या रस्त्यावर बांधकाम चालते तो रात्रीच्या वेळी अधिकच फसवा असतो.

गाव ठरले तरी खोली मिळेलच असे नाही, कारण प्रत्येक गावाला स्वतःचे पंचांग असते. कोल्हापुरात नवरात्रात, पौर्णिमेला आणि शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांनी लॉज भरून जातात. बेळगावास, सुवर्ण विधानसौध 2012 साली उभे राहिल्यापासून, कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरते, आणि तेवढ्या काळापुरत्या शहरातील चांगल्या हॉटेलांच्या खोल्या आमदार, अधिकारी व त्यांच्या लवाजम्यासाठी राखून ठेवण्यात येतात. हे ठाऊक नसलेला प्रवासी लहान मुलांना घेऊन रात्री नऊला दारोदार फिरत राहतो. लग्नसराईत तर ज्या हॉटेलाला मंगल कार्यालय जोडलेले असेल तेथे खोली मिळूनही निद्रा मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहे जागेच्या दृष्टीने रमणीय, पण तेथे सरकारी दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचा अग्रहक्क असल्यामुळे ऐन वेळी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

म्हणून निघण्यापूर्वीच दूरध्वनी करून खोली राखावी, आणि दराइतकीच अन्य गोष्टींची विचारपूस करावी. हमरस्त्याला लागून असलेले हॉटेल सोयीचे वाटते खरे, परंतु दर्शनी खोलीत रात्रभर मालमोटारींचे भोंगे ऐकावे लागतात. मागील अंगाची खोली मागितली तर ती बहुधा त्याच भाड्यात मिळते. वाहन कुंपणाच्या आत उभे राहील का, गरम पाणी पहाटे पाचला येते की सातला, आणि चोवीस तासांचा हिशेब आहे की दुपारी बाराला खोली रिकामी करावी लागते, हेही विचारून घ्यावे. उतरल्यावर आधी खोली पाहावी, नंतरच नोंदवहीत नाव लिहावे.

भाड्याचा फलक दर्शनी जागी लावण्याची अपेक्षा ही काही आजची नाही. इंग्रजी अमदानीत झालेल्या 1867 च्या सराई कायद्याने सराईच्या चालकावर जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे नोंदणी करण्याचे, जागा स्वच्छ व दुरुस्त राखण्याचे, हुकमाप्रमाणे पहारेकरी नेमण्याचे आणि आकारांची यादी नेमून दिलेल्या भाषांत लावण्याचे बंधन घातले होते. त्याच्याही तीन शतके आधी शेरशहाने आपल्या राजमार्गांवर दर दोन कोसांवर सराया बांधविल्या. तेथे हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी स्वतंत्र व्यवस्था तर होतीच, पण घोड्यांच्या दाणावैरणीचीही तरतूद असे. त्या योजनेची मोठी दृष्टी मला या शेवटच्या तरतुदीत दिसते: ज्याच्या बळावर प्रवास होतो त्याच्या विश्रांतीचा भार मुक्कामाची जागा चालविणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व तेथे मान्य झालेले होते.

आज ते तत्त्व आपण विसरलो आहोत, आणि या लेखांकाचे मुख्य प्रयोजन हेच सांगण्याचे आहे. भाड्याच्या मोटारीतून जाणारे कुटुंब पंख्याखाली वा वातानुकूलित खोलीत झोपते, आणि दुसऱ्या दिवशी त्या सर्वांचे प्राण ज्याच्या हाती सोपवावयाचे, तो चालक वाहनतळात, पुढचे आसन मागे लवंडून, डासांशी झगडत रात्र काढतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम साधारणतः आठ तासांवर आणले, सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांचा अवकाश अनिवार्य केला; परंतु हा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी असल्यामुळे एखाददुसरी मोटार बाळगणाऱ्या मालकाचा चालक त्याच्या छत्राबाहेरच राहिला. शिवाय नऊ तासांचा अवकाश कागदावर मिळाला, तरी अंथरुणावाचून त्याची निद्रा होत नाही. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत मानवी शरीराला स्वभावतःच ग्लानी येते, आणि आदल्या रात्रीची झोप अपुरी असेल तर दुसऱ्या प्रहराच्या जेवणानंतर, तुमकूरच्या अलीकडच्या सरळसोट रस्त्यावर, उघड्या डोळ्यांनीही मनुष्य क्षणभर झोपी जातो. त्या क्षणात ताशी 90 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार 25 मीटर पुढे गेलेली असते.

तमिळनाडू शासनाने 2023 मध्ये आपल्या इमारत नियमांत दुरुस्ती करून, पाहुण्यांच्या चालकांसाठी निजण्याची व स्वच्छतागृहाची सोय करणे हॉटेलांना बंधनकारक केले. महाराष्ट्राने व कर्नाटकाने या महामार्गावरील आपापल्या हद्दीत हेच करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोपर्यंत हे काम प्रवाशांनाच करावे लागेल. खोली राखताना पहिला प्रश्न चालकाच्या खाटेचा असावा. हॉटेलात सोय नसेल तर जवळच्या साध्या लॉजमध्ये त्याच्यासाठी खोली घ्यावी आणि तिचे भाडे डिझेलच्या खर्चात धरावे. त्याला आपल्याबरोबरच जेवावयास बोलवावे, रात्री दहानंतर कोणत्याही कामासाठी उठवू नये, आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ त्याला विचारून ठरवावी. स्वतः मोटार चालविणाऱ्याच्या बाबतीत हीच काळजी घरातील इतरांनी घ्यावयाची असते: सामान त्यांनी उतरवावे, मुलांना त्यांनी जेवू घालावे आणि चालविणाऱ्याला सर्वांच्या आधी झोपू द्यावे.

पुढील लेखांकात घाटरस्त्यांचा विचार करू.