विकला जायला नकार देणारा खेळाडू

ऑक्टोबर १९६९. सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकी बेसबॉल क्लबच्या कचेरीतून कर्ट फ्लडला फोन आला. क्लबने त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले होते. बारा हंगाम सेंट लुईससाठी झिजलेला आणि १९६४ व १९६७ च्या वर्ल्ड सिरीज विजयांत वाटा असलेला फ्लड तेव्हा ३१ वर्षांचा होता. तुला जायचे आहे का, असे त्याला कोणी विचारले नाही. तशी पद्धतच नव्हती.

फ्लड सेंटर फिल्डर होता. बेसबॉलमध्ये दूरच्या मैदानात तिघे उभे असतात. त्यांतल्या मधल्याची धावपळ सर्वांत जास्त. फटका बसताक्षणी चेंडू कुठे उतरणार हे ताडायचे, पाठ फिरवून पळत सुटायचे आणि ऐन वेळी मान वळवून झेल घ्यायचा. फ्लडचा यात हातखंडा होता. १९६६ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर क्षेत्ररक्षणातली एकही चूक लागली नाही. १९६३ पासून सलग सात वर्षे त्याने उत्तम क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पटकावला.

पण खेळाडूंच्या करारात एक कलम होते. करार संपला की क्लब तो आणखी एका वर्षासाठी वाढवू शके, आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम असल्याचे क्लब मानत. म्हणजे पहिल्यांदा सही केली की खेळाडू कायमचा बांधला गेला! क्लबने विकले तर मुकाट जायचे, नाहीतर खेळ सोडायचा.

फ्लडची कमाई वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर होती, त्या काळी भरभक्कम. तरीही २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले: मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, इतर क्लबांचे प्रस्तावही मला ऐकू द्या. या कृष्णवर्णीय खेळाडूने उमेदवारीच्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाचे चटके सोसले होते. ‘मालमत्ता’ हा शब्द त्याने विचारपूर्वक वापरला होता.

कून यांनी नकार दिला आणि फ्लड कोर्टात गेला. खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते की जिंकण्याची आशा कमी आहे आणि कारकीर्द मात्र संपेल. संघटनेने खर्च उचलला. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या निवृत्त दिग्गजांनी साक्ष दिली. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. क्लबांना असे कलम लादू देणारी, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट विसंगत आहे, हे न्यायालयाने मान्य केले, पण ती बदलायचे काम संसदेवर सोपवले.

तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७० चा हंगाम तो खेळलाच नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून त्याने मैदान सोडले आणि स्पेनच्या मायोर्का बेटाचा रस्ता धरला.

डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांना करारमुक्त ठरवले आणि ते कलम मोडीत निघाले. आज बेसबॉलपटू कोट्यवधी डॉलरचे करार आपल्या मर्जीने करतात. फ्लड १९९७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी संसदेने त्याच्या नावाचा कायदा केला. कूपर्सटाऊनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो अजूनही नाही. तिथे त्याचे नाव लागायलाच हवे.