अठरा बाय अठरा

स्टीमवर एखाद्या मुरलेल्या खेळाडूची प्रोफाइल उघडली की त्याचे गेम राहतात बाजूला, आधी डोळ्यांत भरते ती सजावट. मागे पसरलेलं पार्श्वचित्र, फोटोभोवती हलणारी चौकट, बॅजांची रांग आणि मधल्या रकान्यात एखादं हृदय, मांजर नाहीतर कवटी. जरा जवळून पाहिलं की लक्षात येतं, ते हृदय म्हणजे पंचवीस-तीस इवल्या लाल चेहऱ्यांची जमवाजमव आहे. कवटीचे दात म्हणजे भलत्याच कुठल्या गेममधली पांढरी नाणी. हे चित्र ब्रशने काढलेलं नाही, कुठून अपलोडही केलेलं नाही. ते चक्क टाइप केलेलं आहे.

ज्यांच्या घरात गेमर नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावच्या व्हॉल्व्ह कंपनीने ते १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केलं, तेही मुळात स्वतःच्या गेमचे अपडेट लोकांपर्यंत पोचवायला. पुढे दुसऱ्यांचे गेम आले, मित्रयादी आली, गप्पा आल्या आणि गप्पांबरोबर चारचौघांत मिरवायची जागा, म्हणजे प्रोफाइल, आली. २०१५च्या नोव्हेंबरपासून तिथल्या किमती आपल्याकडे रुपयांत दिसू लागल्या आणि कॉलेजातल्या पोरांचा तिथला वावर जास्त सोपा झाला.

सजावटीचा खरा बाजार भरला तो २०१३ साली, ट्रेडिंग कार्डांपासून. गेम खेळता खेळता त्या गेमची कार्डं खात्यात पडू लागली. यात मेख अशी, की खेळून जेमतेम अर्धा संच मिळतो. आठ कार्डांचा संच असेल तर चार पडतात. उरलेली चार मित्राकडून अदलाबदलीत मिळवा नाहीतर स्टीमच्याच बाजारात विकत घ्या. संच पुरा झाला की त्याचा बॅज बनवता येतो. कार्डं नाहीशी होतात आणि बदल्यात मिळतात शंभर अनुभवगुण, एक पार्श्वचित्र आणि एक इमोटिकॉन. कोणता इमोटिकॉन, ते नशिबावर. एकच बॅज पाच पायऱ्यांपर्यंत चढवता येतो, म्हणजे तोच संच पाच वेळा जमवा. पहिल्या दहा लेव्हलपर्यंत दर लेव्हलला शंभर गुण लागतात, आणि दहावी लेव्हल गाठली की प्रोफाइलवर पहिलं शोकेस, म्हणजे सजावटीचा पहिला मोठा रकाना, उघडतो. विसाव्या लेव्हलला दुसरा, तिसाव्याला तिसरा. दहाच्या पुढे दर लेव्हलचा भाव दोनशे गुणांवर जातो, हे ओघाने आलंच.

इमोटिकॉन म्हणजे गेमवाल्यांनीच बनवून दिलेलं चिमुकलं चित्र. मजकुरात ते लांबी-रुंदीला अठरा-अठरा ठिपक्यांचं दिसतं. अठरा गुणिले अठरा, तीनशे चोवीस ठिपके. त्यात तलवार, बदक, रागावलेला टोमॅटो, काय हवं ते. प्रत्येकाला एक नाव असतं आणि ते दोन अपूर्णविरामांच्या मध्ये लिहिलं की नावाच्या जागी चित्र उमटतं. अट एकच: तो इमोटिकॉन तुमच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खात्यातल्या साठ्यात, हवा. नसेल तर नाव नुसतं नावासारखंच दिसतं. म्हणून दुसऱ्याच्या प्रोफाइलवरून उचलून आणलेलं हृदय आपल्या रकान्यात चिकटवलं तर हृदयाऐवजी अपूर्णविरामांनी भरलेल्या शब्दांचा ढीग पडतो. पाककृती फुकट आहे, जिन्नस मात्र ज्याचे त्याने आणायचे.

आता ते हृदय बनतं कसं ते पाहू. चौकटीच्या वहीत सात घरं रुंद आणि सहा घरं उंच असा तुकडा आखा. पहिल्या ओळीत एक घर मोकळं, दोन लाल, एक मोकळं, दोन लाल, एक मोकळं. दुसरी आणि तिसरी ओळ पूर्ण लाल. चौथीत दोन्ही टोकांचं एकेक घर सोडून पाच लाल, पाचवीत दोन-दोन सोडून तीन, सहावीत मधोमध एकच. बेचाळीस घरांत सत्तावीस लाल, पंधरा मोकळी. दुसूतीच्या कापडावर फुल्यांचं भरतकाम ज्यांनी केलंय त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

खरी डोकेदुखी लाल घरांची नाहीच, त्या पंधरा मोकळ्या घरांची आहे. कापडावर घर सोडलं की सुटतं. वेबपेजवर ओळीच्या सुरुवातीला दिलेल्या जागा ब्राउझर सहसा गिळून टाकतो, लागोपाठ चार जागा दिल्या तर त्यांची एकच करतो. ती शिल्लक राहिली तरी तिची रुंदी इमोटिकॉनएवढी नसते. परिणाम असा, की हृदयाच्या सहाही ओळी डावीकडे सरकून भिंतीला टेकतात आणि हृदयाचा पार कंगवा होतो. यावर जुनेजाणते दोन उपाय करतात. एक, मोकळ्या घरांतही इमोटिकॉनच भरायचा, पण काळपट, मागच्या पार्श्वचित्रात विरून जाईल असा. दुसऱ्या उपायाकडे पुढे येतो. तो जास्त मजेदार आहे.

इमोटिकॉनची निवड हाही अभ्यासाचा विषय. गोल चेहऱ्याचे घेतले तर चार कोपऱ्यांत फटी राहतात आणि चित्र लांबून विरळ दिसतं. अठरा ठिपक्यांची चौकट काठोकाठ भरणारा चौकोनी तुकडा असेल तर सलग भिंत उभी राहते. त्यात नावाची लांबी. रकान्यात किती अक्षरं मावतील याला मर्यादा असते आणि चित्र दिसत असलं तरी मोजली जातात ती नावातली अक्षरं. स्टीमचा एक लोकप्रिय हसरा इमोटिकॉन आहे, 'स्टीमहॅपी'. रोमन लिपीत त्याची दहा अक्षरं आणि दोन अपूर्णविराम, म्हणजे बारा. बेचाळीस घरं याने भरली तर पाचशे चार अक्षरं खर्ची पडली. तेच दोन अक्षरी नावाचा इमोटिकॉन असेल तर एकशे अडुसष्टांत काम भागतं. म्हणून या मंडळींत सुंदर इमोटिकॉनपेक्षा आखूड नावाच्या, चौकोनी, एकरंगी आणि दिसायला अगदी मठ्ठ इमोटिकॉनला कधी कधी जास्त मान असतो. कलेच्या इतिहासात हे काही नवं नाही. विटेला कुणी सुंदर म्हणत नाही.

जिथे मागणी तिथे पुरवठा. पाच-पंचवीस रुपयांत मिळणारे असे गेम निघाले, की ज्यांत खेळण्यासारखं फारसं नव्हतं, पण इमोटिकॉन म्हणून रोमन मुळाक्षरं किंवा निरनिराळ्या रंगांचे चौकोन होते. काहींनी तर त्याही पुढची पायरी गाठली. नावापुरता गेम बनवायचा, त्याच्या हजारो कीज, म्हणजे गेम खात्यात जोडायचे कोड, काढून त्या यांत्रिक खात्यांना वाटायच्या, ती खाती गेम नुसता चालू ठेवून कार्डं गोळा करणार आणि बाजारात विकणार. स्टीमच्या बाजारातल्या प्रत्येक व्यवहारावर पाच टक्के व्हॉल्व्हला आणि साधारण दहा टक्के गेमवाल्याला जातात. म्हणजे कुणी न खेळलेल्या गेमचीही कमाई चालू. मे २०१७ मध्ये व्हॉल्व्हने हा धंदा जाहीरपणे मांडला आणि नियम बदलला: गेम खरी माणसं खेळताहेत याची पुरेशी खात्री पटल्याशिवाय त्याची कार्डंच पडणार नाहीत. २०२० साली पॉइंट्सचं दुकान आलं. खरेदीवर पॉइंट मिळतात आणि शंभर पॉइंटांत हवा तो इमोटिकॉन घेता येतो. नशिबाचा भाग गेला. पण हे घेतलेलं पुढे विकता येत नाही. माझ्या मते हे बरंच झालं. सजावट हा साठेबाजीचा माल नव्हे.

आता जरा मागे जाऊ. चिन्हांची मांडणी करून चित्र उभं करणं कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. इंग्लंडच्या फ्लोरा स्टेसीने १८९८ साली टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं होतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी पहुडलेल्या नग्न स्त्रीचं छायाचित्र कॉम्प्युटरला दिलं आणि फिकट-गडद छटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किटमधली बारीक चिन्हं भरून ते बारा फूट रुंद छापलं. थट्टा म्हणून ते एका वरिष्ठाच्या खोलीत टांगलं होतं. जवळून नुसती चिन्हं, दहा पावलं मागे गेलं की बाई. वर्षभराने, ११ ऑक्टोबर १९६७ रोजी, ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. आजचा इमोटिकॉनवाला नेमकं तेच करतोय, फक्त त्याच्या चिन्हांना तोंडं आहेत.

आणि त्याच सुमाराला आपल्या मुंबईत चंद्रकांत भिडे होते. त्यांना जे. जे.मध्ये चित्रकला शिकायची होती, घरच्या परिस्थितीमुळे जमलं नाही; टायपिंग शिकून ते युनियन बँकेत लागले. साहेबांनी कार्यालयातल्या इंटरकॉम नंबरांची यादी टाइप करायला सांगितली, तर यांनी ती टेलिफोनच्या आकारात टाइप करून दिली. पुढे त्याच यंत्रावर त्यांनी गणपती काढले, नामवंतांची व्यक्तिचित्रं काढली. निवृत्त होताना बँकेने त्यांना तो टाइपरायटर एक रुपयात देऊन टाकला.

भिड्यांना एक गोष्ट आयती मिळाली होती. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर समान रुंदीचं असतं. टिंबालाही तेवढीच जागा आणि मोठ्या अक्षरालाही तेवढीच. त्यामुळे कागद आपोआप चौकटीच्या वहीसारखा होतो. वेबसाइटवरच्या आजच्या फाँटांत रोमन 'आय' सडपातळ आणि 'डब्ल्यू' ऐसपैस, त्यामुळे टाइपरायटर पद्धतीचं चित्र तिथे वेडंवाकडं होतं. इमोटिकॉनने ती हरवलेली समान रुंदी परत आणली. अठरा बाय अठरा म्हणजे अठरा बाय अठरा, मग त्यात बदक असो की बंदूक. म्हणून ही कला नेमकी इथे रुजली.

मोकळ्या घरांचा दुसरा उपाय सांगायचा राहिला होता. जगभरच्या लिप्यांना एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये १९९९ साली ब्रेल लिपीचा गट आला. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत चार, असे आठ ठिपके. प्रत्येक ठिपका असेल किंवा नसेल, म्हणून एकूण २५६ आकृत्या. त्यातली एक आकृती एकही ठिपका नसलेली. ती दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती जागा नव्हे, चिन्ह आहे. त्यामुळे ब्राउझर ती गिळत नाही. इमोटिकॉनवाल्यांनी ती हेरली आणि मोकळ्या घरांत भरायला सुरुवात केली. रुंदी तंतोतंत जुळत नाही, एक-दोन मागेपुढे करून जमवावी लागते, पण हृदय भिंतीला टेकत नाही.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की उरलेल्या २५५ आकृत्या म्हणजे तर आयते ठिपके. एकाही इमोटिकॉनशिवाय, दमडी न मोजता, बारीक तपशिलाचं चित्र काढता येतं. फोटो दिला की ब्रेल चिन्हांत रूपांतर करून देणारी साधनं निघाली आणि प्रोफाइलींवर डोळे वटारलेल्या अॅनिमे मुलींचा पूर आला. मला हे प्रकरण तितकंसं रुचत नाही. एक तर यंत्राने काढून दिलेल्या चित्रात कुठला तुकडा कुठे बसवू ही खटपटच उरत नाही. दुसरं म्हणजे, ज्यांच्यासाठी ही लिपी आहे त्यांच्या बोटांखाली हे चित्र आलं तर त्यांना केवळ अर्थहीन अक्षरांची रास मिळते. अंधांच्या लिपीत काढलेलं आणि फक्त डोळसांनाच कळणारं चित्र.

उसन्या लिप्यांची ही हौस मोबाइलवर आणखी फोफावली. पब्जी मोबाइल या गेमवर आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, २ जुलै २०२१ रोजी त्याच्या जागी बीजीएमआय आला, गेमचं नाव बदललं. पोरांच्या नावांचा थाट मात्र तोच राहिला. तिथे सजवायला रकाना नसतो, असतं फक्त नाव, तेही मोजक्या अक्षरांचं. म्हणून सगळी कारागिरी नावावर. नावाच्या दोन्ही टोकांना पंखांसारखी जी वेलबुट्टी दिसते, ती इंडोनेशियातल्या जावानीज लिपीतली, मजकुराभोवती नक्षी म्हणून वापरायची चिन्हं आहेत. २००९ साली ती युनिकोडमध्ये आली. मधली गॉथिक किंवा लपेटदार रोमन अक्षरं गणितज्ञांना समीकरणांसाठी दिली होती. जावामधली नक्षी आणि गणितातली अक्षरं असं सगळं एका आठवीतल्या मुलाच्या नावात एकत्र नांदतं, आणि त्याला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नाही. कुठून तरी उचलून चिकटवलं की झालं.

पंचाईत एवढीच, की असलं नाव कुठल्याच कीबोर्डवर नसतं. मित्राने शोधायचं म्हटलं तर टाइप काय करणार? त्यामुळे एवढा नटवलेला पोरगा शाळेच्या व्हॅनमध्ये मित्राला आपलं नाव सांगतच नाही. तो सांगतो लांबलचक आयडी नंबर, एकेक आकडा म्हणून दाखवत, आणि समोरचा तो हातावर पेनाने लिहून घेतो.